सेल : आधी खोली, मग बाकी सगळे

बॅटरीत सेल घालतात. कैद्याला सेलमध्ये ठेवतात. एक्सेलच्या तक्त्यात आकडा सेलमध्ये भरतात, प्रवेश परीक्षेचा अर्ज सीईटी सेलकडे जातो, आणि नंदुरबार-गडचिरोलीच्या आरोग्य केंद्रांत सिकलसेल या रक्ताच्या आजाराची तपासणी होते. दुकानावर लागणारा ‘सेल’ या कुटुंबातला नाही. तो इंग्रजीत वेगळाच शब्द आहे, देवनागरीत लिहिताना दोघांचे रूप एक झाले इतकेच. बाकीचे सगळे मात्र एकाच शब्दाची लेकरे आहेत आणि त्यांचे घर म्हणजे एक लहानशी खोली.

लॅटिन भाषेत ‘केल्ला’ म्हणजे छोटी खोली किंवा साठवणीची कोठी. झाकणे, लपवणे या अर्थाच्या क्रियापदाशी तिचे नाते सांगतात. काही व्युत्पत्तिकार आपला ‘शाला’ हा शब्दही त्याच कुळात धरतात. ख्रिस्ती मठांत साधू एकेकटे राहत, त्या खोलीला हेच नाव मिळाले. आपल्याकडे ती खोली डोळ्यांसमोर आणायला लांब जावे लागत नाही. अजिंठ्याच्या विहारात उभे राहा : मधे मंडप आणि बाजूंच्या भिंतींत कोरलेल्या भिक्षूंच्या खोल्या. पुरातत्त्वाच्या इंग्रजी वर्णनांत त्यांना सेलच म्हटलेले असते.

विज्ञानात हा शब्द आणला रॉबर्ट हूक यांनी. 1665 साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात त्यांनी बुचाच्या पातळ कापाचे निरीक्षण नोंदवले. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना असंख्य रिकामे कप्पे दिसले. मठातल्या खोल्यांवरून त्यांना हे नाव सुचले असे शाळेत सांगितले जाते, पण हूक यांनी स्वतः तुलना केली ती मधाच्या पोळ्याशी. पोळ्यातल्या घरांनाही इंग्रजीत सेल म्हणतात. एका घन इंचात असे एक अब्जाहून अधिक कप्पे असतील, असा हिशेबही त्यांनी मांडला. खरे तर त्यांना दिसल्या त्या बुचातल्या मेलेल्या पेशींच्या उरलेल्या भिंती. आतला जीव केव्हाच गेला होता. पुढे 1838-39 मध्ये श्लायडन आणि श्वान या जर्मन शास्त्रज्ञांनी वनस्पती आणि प्राणी दोन्ही या घटकांचेच बनलेले असतात असे मांडले, आणि नंतर हळूहळू महत्त्व आतल्या द्रव्याला आले. नाव मात्र रिकाम्या खोलीचेच राहिले.

मराठीने इथे वेगळा रस्ता धरला, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. आपण ‘पेशी’ म्हणतो. सुश्रुतसंहितेत पेशी म्हणजे मांसाचा भाग, स्नायू. शरीरात अशा पाचशे पेशी तिथे मोजल्या आहेत. म्हणजे इंग्रजी शब्दाने भिंत पाहिली, मराठीने आतला जिवंत गोळा. हिंदीतली ‘कोशिका’ पुन्हा पेटीकडे, आवरणाकडे वळते. (विदर्भ-मराठवाड्यात कोर्टाच्या तारखेलाही पेशी म्हणतात, पण ती फारसीतून आलेली, निराळी.)

तुरुंगाच्या खोलीला आपण ‘कोठडी’ म्हणतो. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेतल्या तुरुंगसुधारकांनी मठाचीच कल्पना उचलली होती : माणूस एकटा राहिला की त्याला पश्चात्ताप होईल. फिलाडेल्फियात 1829 साली असा तुरुंग सुरू झाला. 1906 मध्ये पोर्ट ब्लेअरला पूर्ण झालेल्या सेल्युलर जेलच्या तर नावातच सेल आहे. मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या सात तीनमजली इमारती निघत. जवळपास सातशे कोठड्या, एकीत एक कैदी. एका इमारतीच्या कोठड्यांसमोर दुसरीची पाठ येईल अशी रचना होती, म्हणजे कैद्यांना एकमेकांचे तोंडही दिसू नये. सावरकर बंधू इथेच होते; विनायकरावांना 1911 साली आणले. इथे पश्चात्तापाचा प्रश्नच नव्हता. माणसाला माणसापासून तोडणे एवढेच त्या भिंतींचे काम होते.

विजेच्या सेलची गोष्ट त्या मानाने सरळ. व्होल्टा यांनी 1800 साली धातूंच्या तबकड्यांची चळत रचून वीज मिळवली. लगेचच विल्यम क्रुकशँक यांनी तांबे-जस्ताचे पत्रे लाकडी पेटीत उभे बसवून मधल्या कप्प्यांत द्रव भरला. पुढे अशा एकेका कप्प्याला सेल म्हणू लागले आणि अनेक सेल मिळून झाली बॅटरी. आपण टॉर्चलाच बॅटरी म्हणतो. ती मंद झाली की सेल काढून उन्हात ठेवायचे, हे कितीतरी घरांत चाले.

मोबाइलला ‘सेल फोन’ म्हणतात त्याचे कारण फोनमध्ये नाही, जमिनीवर आहे. 1947 साली अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत कल्पना मांडली गेली की शहराचे षटकोनी भाग पाडावेत, प्रत्येक भागाला कमी ताकदीचा मनोरा द्यावा आणि तीच फ्रिक्वेन्सी थोड्या अंतरावर पुन्हा वापरावी. नकाशावर मधाचे पोळे उमटले, आणि त्यातले प्रत्येक घर म्हणजे सेल. राजकारणातल्या छोट्या गुप्त गटांनाही सेल म्हणत; तेही खोलीसारखेच बंदिस्त. कार्यालयांतले ‘सेल’, म्हणजे आपले कक्ष, त्यांचेच सौम्य भाऊबंद.

सिकलसेलला मात्र मराठी प्रतिशब्द रुळला नाही. 1910 साली शिकागोत जेम्स हेरिक यांनी वेस्ट इंडीजमधून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी पाहिल्याची नोंद प्रसिद्ध केली. सिकल म्हणजे विळाच. हा दोष आईवडिलांपैकी एकाकडूनच आला तर मलेरियापासून काही संरक्षण मिळते, दोघांकडून आला तर आजार होतो. आपल्याकडे तो सातपुड्यातल्या आणि पूर्व विदर्भातल्या आदिवासी आणि दलित वस्त्यांत जास्त आढळतो. तिथे ज्यांच्यासाठी सेल म्हणजे फक्त बॅटरीतला सेल, त्यांनाही या आजाराचे नाव सांगावे लागते. लग्नाआधी दोघांनी रक्त का तपासायचे, हे समजावताना ‘तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक नसेत अडकते’ एवढे मराठी वाक्य त्या नावाच्या शेजारी असायलाच हवे.