फोन बदलताय? जुना फोन पंधरा दिवस घरातच असू द्या

ॲण्ड्रॉइडवरून आयफोनवर, किंवा आयफोनवरून ॲण्ड्रॉइडवर जाणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

दिवाळी संपली की बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या दुकानात ठरलेली मंडळी येऊ लागतात. मुलगा सुट्टीला आलेला असतो, आईला आयफोन घेऊन देतो, सगळं त्यात ‘टाकून’ देतो आणि परत जातो. चार दिवसांनी काकू काउंटरपाशी हजर. पहिला प्रश्न नेहमी एकच: “अहो, यात मागं कसं जायचं?”

फोनमधला माल तासा-दोन तासांत इकडून तिकडे जातो. बोटांची सवय बदलायला मात्र पंधरा दिवस लागतात. म्हणून नवा फोन देतानाच आम्ही सांगतो, जुना लगेच एक्सचेंजला देऊ नका, कपाटात ठेवा. एक्सचेंजची ऑफर हातची जाते हे कबूल, आणि त्यात आमचंही नुकसानच आहे. तरी सांगतो, कारण एकदा हात पोळलेत. काही वर्षांपूर्वी आमच्याच दुकानातल्या मुलानं एका ग्राहकाचा जुना फोन घाईघाईत रिसेट मारला, म्हणजे सगळा पुसून टाकला. नव्यात व्हॉट्सॲप उघडलं तर कोरं करकरीत. त्यांच्या वारलेल्या वडिलांचे आवाजातले निरोप त्यात होते. तेव्हापासून आमच्या दुकानात हा नियमच आहे.

मागे जायचं कसं

ॲण्ड्रॉइडमध्ये एक तर खाली तीन बटणं असतात, नाहीतर बोट ओढायची पद्धत, जी २०१९ साली ॲण्ड्रॉइड १० बरोबर आली. त्यात डाव्या कडेवरून आत ओढा किंवा उजव्या, दोन्हीकडून मागे जाता येतं. आपण फोन उजव्या हातात धरतो, अंगठा आपसूक उजव्या कडेला असतो, त्यामुळे बहुतेकांना तिकडूनच ओढायची सवय लागलेली असते. आयफोनमध्ये बोट डावीकडून उजवीकडे न्यावं लागतं. एक काकू आमच्यासमोर पाच मिनिटं उजव्या कडेवर अंगठा घासत होत्या. शेवटी पदरानं काच पुसली आणि म्हणाल्या, “बदलून द्या, काच खराब आहे.” काच चांगली होती. आम्ही त्यांचा अंगठा डावीकडे ठेवला, ओढायला सांगितलं, पान मागे गेलं, आणि काकू जरा रागावूनच हसल्या.

डावीकडून ओढूनही पान हललं नाही तर वर डाव्या कोपऱ्यात बाणाची खूण शोधा. तीही नसेल तर एखादी फुली किंवा ‘डन’ असतं, किंवा ते पान वरून खाली ओढलं की जातं. ही विविधता आम्हालाही पटत नाही, पण आहे खरी.

खालच्या काठावरून वर ओढलं की होम. तसंच ओढून क्षणभर थांबलं की उघडी असलेली सगळी ॲप्स दिसतात. टॉर्च, वायफाय, ब्लूटूथ यांचा पडदा वरच्या उजव्या कोपऱ्यातून खाली येतो आणि आलेले मेसेज वरच्या मध्यातून. या दोन्हींची गल्लत सगळ्यांची होते. होमचं बटण २०१७च्या आयफोन टेनपासून जाऊ लागलं. त्याच्याशिवाय हात चालतच नसेल तर सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, टच, असिस्टिव्हटच असं जाऊन स्क्रीनवर एक तरंगता ठिपका आणता येतो. आजी-आजोबांच्या फोनमध्ये आम्ही तो आपणहून लावून देतो.

दूधवाला कुठे गेला?

हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा. नंबर सगळे आलेले असतात, पण सापडत नाहीत. आयफोन यादी मुळात आडनावाप्रमाणे लावतो. तुम्ही ‘रमेश दूधवाला’ असं साठवलेलं असेल तर फोन ‘दूधवाला’ला आडनाव समजू शकतो, मग रमेश र-मध्ये मिळत नाही. ‘प्रकाश प्लंबर’चं तेच. सेटिंग्ज, ॲप्स, कॉन्टॅक्ट्स, सॉर्ट ऑर्डर इथे जाऊन पहिलं नाव आधी असं करा. बडोद्यात आणखी एक भानगड असते: अर्धी नावं इंग्रजीत, काही गुजरातीत, काही मराठीत. त्यांचे यादीत तीन वेगळे ढीग होतात, आणि हे कुठल्याही फोनमध्ये होतं. एखाद्या रविवारी चहा घेत सगळी एका लिपीत करून टाका.

सामान हलवताना

ॲण्ड्रॉइडवरून आयफोनवर येताना ॲपलचं ‘मूव्ह टू आयओएस’ हे ॲप जुन्या फोनमध्ये घ्यायचं. नंबर, फोटो, मेसेज, कॅलेंडर त्यातून येतं. व्हॉट्सॲपही येतं, पण ही सोय २०२२ पासूनची, आणि त्यासाठी दोन्ही फोनवर एकच नंबर हवा आणि आयफोन नवाकोरा किंवा रिसेट केलेला हवा. आधी फोन सुरू करून वापरायला लागलात आणि मग व्हॉट्सॲप आणायचं म्हणालात, तर सगळं पहिल्यापासून. गूगल ड्राइव्हवरचा बॅकअप, म्हणजे इंटरनेटवर ठेवलेली प्रत, आयफोन वाचत नाही आणि ॲपलच्या आयक्लाउडवरचा ॲण्ड्रॉइड वाचत नाही. “बॅकअप घेतलाय ना?” एवढं विचारून इथे भागत नाही.

हे चालू असताना जुन्या फोनवर ते ॲप सतत समोर उघडं राहिलं पाहिजे. मध्ये फोन आला किंवा कुणी दुसरं ॲप उघडलं तर काम अर्धवट राहतं. घरच्यांना सांगून ठेवा, दोन्ही फोन चार्जरला लावा आणि तासभर गरब्याचे व्हिडिओ दुसऱ्या कुणाच्या फोनवर बघा. व्हॉट्सॲपमधली कॉलची यादी येत नाही, त्याला इलाज नाही. मेमरी कार्ड आयफोनमध्ये बसत नाही, तेव्हा कार्डावरचे फोटो आधी फोनच्या पोटात घ्या.

नव्या फोनवर व्हॉट्सॲप सुरू झालं की जुन्यावरचं बंद पडतं, पण जुने चॅट त्या फोनमध्ये जिवंत असतात. कपाटातला फोन म्हणूनच लागतो.

आणि जीमेलचा पासवर्ड. तो आठवत नसेल तर घरूनच शोधून या. आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळ यातच जातो. पासवर्ड आम्हाला सांगू नका, काउंटरवर तुम्ही स्वतः टाका.

सिम आणि बँक

दोन सिम वापरणाऱ्यांनी हे नीट वाचा. भारतात मिळणाऱ्या आयफोनमध्ये सहसा एकच सिम आत जातं, दुसरं ई-सिम, म्हणजे कार्डाशिवाय फोनमध्येच चालणारं सिम, करावं लागतं. ते आपल्या कंपनीच्या दुकानात जाऊन किंवा त्यांच्या ॲपमधूनच करा. “तुमचं ई-सिम करून देतो, ओटीपी सांगा” असा फोन आला तर बोलत बसू नका, ठेवून द्या. सिम बदललं की पहिले २४ तास एसएमएस बंद असतात, म्हणजे बँकेचा ओटीपीही नाही. लग्नाच्या हॉलचे पैसे भरायचे आहेत त्याच दिवशी सिम बदलू नका. हे आम्ही डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

यूपीआय नव्या फोनवर नव्यानं जोडावं लागतं. त्यासाठी बँकेला तुमच्या नंबरावरून एक एसएमएस जातो. ॲण्ड्रॉइडमध्ये तो बहुधा गुपचूप जातो, आयफोनमध्ये तयार मेसेज समोर येतो आणि ‘सेंड’ तुम्हालाच दाबावं लागतं. दाबण्याआधी वर कोणता नंबर निवडलाय ते बघा. बँकेत दिलेला नंबर एक आणि मेसेज दुसऱ्यावरून, असं झालं की ‘व्हेरिफिकेशन फेल’ येतं आणि ग्राहक फोनला शिव्या देतो. पहिले एक ते तीन दिवस मोठी रक्कम जात नाही, मर्यादा असते. आयफोन सुरू होताना आयमेसेजसाठीही, म्हणजे आयफोनवाल्यांच्या आपसातल्या मेसेजसाठी, आपणहून एक एसएमएस पाठवतो, आणि त्याचे पैसे कंपनी लावू शकते. थोडा बॅलन्स असू द्या.

मराठीत चालतो का?

चालतो. मराठी आणि गुजराती कीबोर्ड दोन्ही मिळतात, सेटिंग्जमध्ये जनरल, कीबोर्ड इथून घ्या आणि पृथ्वीच्या खुणेनं बदला. मराठी कीबोर्डच घ्या. ‘हिंदीवर भागेल’ म्हणणारे नंतर ‘बाळ’ लिहिताना ळ शोधत बसतात. फोनची सगळी भाषाच मराठी हवी असेल तर ती सोय २०२५ साली आयओएस (आयफोनची प्रणाली) १८.४ बरोबर आली, गुजरातीचीही. थोडे दिवस इंग्रजी ठेवलेलं बरं असं आमचं मत, कारण मुलगा फोनवरून “सेटिंग्जमध्ये जा” म्हणतो तेव्हा दोघांना तीच पाटी दिसलेली बरी.

उलट दिशेनं जाणाऱ्यांसाठी

आयफोन सोडण्याआधी सेटिंग्जमधून आयमेसेज बंद करा. विसरलात तर दुसऱ्या आयफोनवाल्यांचे मेसेज जुन्या वाटेनं जात राहतात आणि तुम्हाला वाटतं, कुणी विचारतच नाही. आयक्लाउडवरचे फोटो गूगल फोटोजमध्ये पाठवायची सोय ॲपलच्या प्रायव्हसीच्या पानावर आहे, पण तिला तीन ते सात दिवस लागतात. सॅमसंग घेणार असाल तर मागचं बटण उजवीकडे असतं, काही इतरांचं डावीकडे. सेटिंग्जमध्ये बदलता येतं.

पंधरा दिवस झाले, बँक, व्हॉट्सॲप, फोटो सगळं नव्यात नीट आहे असं वाटलं, की दोन्ही फोन घेऊन दुकानात या. जुन्यातून गूगल किंवा ॲपलचं खातं काढून मगच तो पुसावा लागतो, नाहीतर घेणाऱ्याला तो कुलूपबंदच मिळतो. आम्ही ते तुमच्यासमोर करून देतो. दुकानातून घेतलेल्या फोनला त्याचे पैसे नाहीत. गर्दी नको असेल तर दुपारी तीनच्या सुमारास या.