कपाशीच्या शेतातला डेटा आणि १८ बाइटांचं वेष्टन

यवतमाळकडच्या एखाद्या कपाशीच्या वावरात ओलावा मोजणारं यंत्र बसवलंय आणि ते दर १५ मिनिटांनी एक नोंद पाठवतं, असं धरू. केंद्राचं नाव, वेळ, तापमान, ओलावा मिळून ही जेसन (साध्या मजकुरात नाव-किंमत अशा जोड्या लिहिण्याची रीत) नोंद साधारण ९० बाइटांची होते. रेंज जेमतेम, म्हणून डेटा पाठवणाऱ्या लायब्ररीतच (तयार कोडच्या संचातच) कॉम्प्रेशन, म्हणजे डेटा दाबून लहान करणं, घालायचं ठरतं. झेडलिब या कॉम्प्रेशनच्या तयार लायब्ररीचं एक फंक्शन बोलावलं की झालं, असं वाटतं. पण एकेक नोंद जीझिप या दाबलेल्या डेटाच्या स्वरूपात गुंडाळली, तर सुरुवातीचे १० आणि शेवटचे ८ असे १८ बाइट नुसत्या वेष्टनात जातात. बचत तर होत नाहीच, उलट नोंद कधीकधी फुगते.

झेडलिब आणि जीझिपच्या आत चालणारी डिफ्लेट पद्धत आधी येऊन गेलेला मजकूर शोधते आणि तो परत लिहिण्याऐवजी ‘इतके बाइट मागे जा, तिथून इतके उचल’ एवढीच खूण ठेवते. ३ ते २५८ बाइटांचा तुकडा, मागे ३२ केबीपर्यंत. एकट्या नोंदीत परत येण्यासारखं असतंच काय? चार तासांच्या १६ नोंदी एकत्र केल्या की खरी कमाई सुरू होते. नावं देवनागरीत असली तर जास्तच: यूटीएफ-८ या अक्षरं बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत ‘यवतमाळ’ काना धरून सहा चिन्हांचं, म्हणजे १८ बाइटांचं. दुसऱ्या नोंदीपासून ते खुणेतच आटोपतं. म्हणून नोंदी साठवणं हे लायब्ररीचंच काम. वापरणाऱ्यावर सोपवलं की हमखास राहून जातं.

मेमरीचं गणित मात्र आधी करा. नेहमीच्या मांडणीत झेडलिबला दाबण्यासाठी सुमारे २५६ केबी लागतात. शेतातल्या छोट्या चिपला ते झेपत नाही. झेडलिबच्या मेमरी ठरवणाऱ्या दोन सेटिंग्ज, विंडोबिट्स १२ आणि मेमलेव्हल ५, अशा ठेवल्या की ३२ केबीच्या आसपास भागतं. मागे पाहायला ४ केबी मिळतात आणि आपला १६ नोंदींचा गठ्ठा दीड केबीचाही नाही, तेव्हा नुकसान शून्य.

प्रत्येक गठ्ठा स्वतंत्रपणे दाबून पुरा करावा. सलग प्रवाह ठेवला आणि मधलं एक पाकीट हरवलं, तर पुढच्या खुणा नसलेल्या मजकुराकडे बोट दाखवत राहतात. लाइट जाणं गृहीत धरून कच्च्या (न दाबलेल्या) नोंदी फ्लॅशमध्ये, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत ठेवाव्यात, सर्व्हरकडून पोच आल्यावरच पुसाव्यात. पाकिटाच्या आरंभी एक बाइट राखून ठेवा: ० म्हणजे कच्चं, १ म्हणजे दाबलेलं. दाबून आकार वाढला तर सरळ ० लावून पाठवा. एन्क्रिप्शन (डेटा गुप्त करणं) करायचं असेल तर ते कॉम्प्रेशननंतर. आधी केलं तर दाबण्याजोगं काही उरत नाही.

तातडीचा एकटा इशारा थांबू शकत नाही. त्यासाठी दोन्ही टोकांना सारखाच आधारकोश (खुणांना बोट दाखवता येईल असा आधीच ठरलेला मजकूर) द्यावा, नेहमीचे शब्द त्याच्या शेवटाकडे ठेवून. झेडलिब कोशाची तपासणी-बेरीज (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) सोबत पाठवतं, त्यामुळे एका टोकाला जुना कोश राहिला असेल तर तो लगेच पकडला जातो.

सर्व्हरवर उलगडताना आकाराला मर्यादा हवीच. डिफ्लेटमध्ये १ केबीचं पाकीट १ एमबीपर्यंत फुगू शकतं. आपल्या गठ्ठ्याला ८ केबी पुष्कळ. त्यापुढे गेलं की उलगडणं थांबवून पाकीट टाकून द्यावं.