पाठ दिव्याकडे

मृगाच्या पहिल्या सरी पडून गेल्या की नागपुरातले पोर्च गार होतात आणि नेमके तेव्हाच बसण्याजोगे राहत नाहीत. ट्यूबलाइटभोवती वाळवीची पाखरे घोंगावू लागतात, चहाच्या कपात पडतात, आणि सकाळी झाडू मारताना सूपभर पंख निघतात. ‘पाखरांना उजेडाचे वेड असते’ हे त्यावरचे आपले ठरलेले स्पष्टीकरण. पतंगाच्या दिव्यावरील प्रीतीवर कवींनीही पुष्कळ शाई खर्ची घातली आहे. पतंगाची बाजू मात्र फारशी कोणी तपासली नव्हती.

जानेवारी २०२४ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात सॅम्युअल फॅबियन, यश सोंधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मांडली. प्रयोगशाळेत आणि कोस्टा रिकाच्या जंगलात अतिवेगवान कॅमेऱ्यांनी टिपलेल्या चित्रणात असे दिसले की, बहुतेक कीटक दिव्याच्या दिशेने झेपावत नाहीत, तर दिव्याकडे पाठ करून उडत राहतात. याचे कारण असे : वळण घेणाऱ्या एसटीत आपण एका बाजूला कलतो, तेव्हा गुरुत्वाकर्षण आणि वळणाचा झटका यांची सरमिसळ होते, काही मिलिग्रॅम वजनाच्या, क्षणाक्षणाला वळणाऱ्या पाखराला तर निव्वळ गुरुत्वाकर्षणावरून वर-खाली ठरवणे फारच कठीण. त्यापेक्षा सोपी खूण म्हणजे आकाश, कारण ते रात्रीही जमिनीपेक्षा उजळ असते. उजेडाकडे पाठ ठेवली की उडणे आपोआप सरळ राहते, आणि कोट्यवधी वर्षे या युक्तीने दगा दिला नव्हता.

आता दिवा बाजूला आहे असे समजा. पाखरू पाठ दिव्याकडे कलते करते. पंखांनी निर्माण होणारे उचल देणारे बल पाठीच्या दिशेने असल्यामुळे त्याचा एक घटक दिव्याकडे वळतो आणि शाळेत शिकलेल्या अभिकेंद्री, म्हणजे वर्तुळाच्या केंद्राकडे ओढणाऱ्या, बलाचे काम करू लागतो. पाखरू घिरट्या घालते ते म्हणून. ते दिव्याखालून गेले तर उभे चढत जाऊन वेग गमावते, आणि वरून गेले तर चक्क उलटे होऊन आदळते. प्रयोगात डोक्यावर उजळ पांढरी चादर ताणली तेव्हा मात्र तेच कीटक सरळ उडून गेले. कण्हेरीवर वाढणारा मोठा पतंग या नियमाला अपवाद ठरला. पाखरे दूरवरून दिव्यापाशी कशी येतात, याचे उत्तर या चित्रणातून मिळत नाही, कारण कॅमेऱ्यांचा आवाका दिव्याच्या आसपासपुरताच होता.

बहुतेक कीटकांचे डोळे अतिनील, निळ्या आणि हिरव्या प्रकाशाला अधिक संवेदनशील असतात. म्हणून पोर्चमधील पांढरी ट्यूब काढून पिवळसर, मंद एलईडी लावावा, त्याला वरून व बाजूंनी आडोसा द्यावा, आणि प्रखर दिवा हवाच असेल तर तो बसण्याच्या जागेपासून दूर, फाटकाजवळ असावा.

डासांचे गणित निराळे आहे. ते आपल्यापर्यंत येतात ते मुख्यतः श्वासातील कार्बन डायऑक्साइड, अंगाचा वास आणि ऊब यांच्या मागावर. निळ्या दिव्याच्या यंत्रात चटचट आवाज होतो तेव्हा डास मेल्याचे समाधान मिळते खरे, पण १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत अशा यंत्रांत मेलेल्या १३,७८९ कीटकांपैकी चावणारे अवघे ३१ निघाले. माणसाला ऐकू न येणाऱ्या, श्राव्यातीत आवाजाने डास पळवण्याचा दावा करणारी यंत्रे तर, २००७ च्या आढाव्यात तपासलेल्या दहाही क्षेत्रीय अभ्यासांत, चावे कमी करू शकली नाहीत. दाराला टांगलेल्या लिंबू-मिरचीच्या शेजारीच त्यांची जागा.

त्यापेक्षा साधा टेबलफॅन बरा. डासाचा वेग माणसाच्या चालण्याहूनही कमी असल्यामुळे वाऱ्यात त्याला नेमके उतरता येत नाही, शिवाय श्वासाचा माग विस्कटतो. मात्र पंखा बुटक्या स्टुलावर, पायांवर वारा येईल असा ठेवावा. आणि पोर्चच्या कोपऱ्यात सरकवून ठेवलेल्या कूलरची टाकी केवळ रिकामी करून भागत नाही : डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी पाण्याच्या रेघेलगत आतील भिंतीला चिकटलेली असतात, ती कोरडी पडूनही कित्येक महिने तग धरतात, म्हणून ती भिंत काथ्याने घासूनच काढावी लागते.