अंदमानचं ऊन नागपूरच्या अंदाजानं मोजू नका

नवतपा (मेअखेरचे ऐन उन्हाळ्याचे नऊ दिवस) सोसलेल्या नागपूरकराला डिसेंबरातलं अंदमान म्हणजे गारवाच. पारा तिशीच्या आसपास, वरून समुद्राचा वारा. तरी स्वराज द्वीपला (जुनं नाव हॅवलॉक) एक सकाळ स्नॉर्केलिंग (डोळ्या-नाकावर मास्क आणि तोंडात श्वासाची नळी लावून पालथं तरंगत पाण्याखालचं बघणं) केलं की रात्री पाठ गादीला टेकवत नाही. कातडी जाळतात ते अतिनील किरण, आणि त्यांचा चटका जाणवत नाही. लाली दिसते चार-सहा तासांनी, हॉटेलवर परतल्यावर. पालथं तरंगताना पाठ ओली आणि गार असते, त्यामुळे काही कळतच नाही. पाण्याचा आडोसाही फारसा नाही : अर्धा मीटर खोलीवरसुद्धा वरच्या अतिनील किरणांपैकी सुमारे ४० टक्के पोहोचतात.

त्यात घड्याळाचा घोळ. नागपूर ७९ अंश रेखांशावर, स्वराज द्वीप ९३ वर. वेळ मात्र दोन्हीकडे एकच. एका अंशाला चार मिनिटं धरली तर तिथला सूर्य आपल्यापेक्षा जवळपास ५५ मिनिटं पुढे धावतो. डिसेंबरअखेर नागपुरात खरी दुपार १२.१५ च्या सुमारास होते, तिथे ११.२० लाच. सावकाश नाश्ता उरकून दहाला पाण्यात उतरणारा नेमका भर उन्हात सापडतो.

त्यापेक्षा सावली बघा. ती आपल्या उंचीहून आखूड झाली की किरण तीव्र समजायचे. डिसेंबरअखेर नागपुरात ऐन दुपारी सावली जेमतेम उंचीएवढी होते. अंदमानात साडेनऊपासून सव्वापर्यंत ती आखूडच राहते. म्हणून आठच्या आत उतरावं, नाहीतर दीडनंतर. सूर्य पाचच्या सुमारास मावळतो, हे धरून चाला. ओहोटीची वेळही आधी विचारा. पाणी उतरलं की गुडघे प्रवाळावर खरचटतात, आणि प्रवाळही मोडतो.

सनस्क्रीन प्रौढाच्या अख्ख्या अंगाला ३० ते ३५ मिली लागतं. बहुतेक जण त्याच्या निम्मंही लावत नाहीत. त्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा, गडद रंगाचा पॉलिस्टरचा पोहण्याचा टी-शर्ट आणि लेगिंग बरी. पांढरा सुती टी-शर्ट ओला झाला की किरण आरपार जातात. मग उरतात मान, कान, तळहातांची मागची बाजू आणि पावलं; तिथे दर दोन तासांनी पुन्हा लावा. कपाळावर हात आखडता : तिथलं सनस्क्रीन डोळ्यांत उतरतं आणि मास्कची सिलिकॉनची कड घसरते. मास्क घेताना पट्टा न लावता चेहऱ्यावर धरा, नाकानं श्वास आत ओढा, हात सोडा. चिकटून राहिला तर माप बरोबर. मिशीवाल्यांचा मास्क हमखास गळतो. मिशीचा वरचा काठ भादरला तर गळती बरीच कमी होते.

घामाचं गणितही उलटं. मे महिन्यात आपला कूलर चालतो तो हवा कोरडी असते म्हणून, आणि घामही त्याच कारणानं आपल्याला गार करतो. बेटावरच्या दमट हवेत तो वाळत नाही, नुसता निथळतो : पाणी जातं, गारवा मिळत नाही. शिवाय पाण्यात असताना दाबामुळे हातापायांतलं रक्त छातीकडे सरकतं, शरीराला पाणी जास्त झाल्यासारखं वाटतं आणि लघवी वाढते. तेव्हा उतरण्याआधी दोन पेले पाणी प्या. बाहेर आल्यावर शहाळं जरूर घ्या, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी. घामाबरोबर जातं ते मुख्यतः सोडियम. ते भरून काढायला मीठ-साखर घातलेलं लिंबूसरबत जास्त कामाचं.