गिअर हबच्या आत की बाहेर?

पावसाळ्यात रोज सायकलने कामावर जाणाऱ्याची चेन एकदा निरखून पाहा. आठवडाभरात तेल धुऊन जातं, चिखल वाळतो आणि त्यातली वाळू पिना आणि रोलर यांच्या फटीत जाऊन कानशीसारखं काम करते. दोन पिनांमधलं अंतर मुळात १२.७ मिलिमीटर. ते जेमतेम ०.१ मिलिमीटरने वाढलं की चेन बदलायला झालीच. डिरेलरमध्ये, म्हणजे हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) बाहेरच्या गिअरमध्ये, चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकते, त्यामुळे तिला झाकून ठेवता येत नाही.

हबच्या गिअरमध्ये चेन एकाच चक्रावर सरळ फिरते. म्हणून तिला जुन्या काळ्या सायकलींसारखं पूर्ण चेनकव्हर घालता येतं. बदल होतो तो हबच्या बंद पोटात, आणि तिथली रचना मला फार देखणी वाटते. स्टर्मी-आर्चर कंपनीचा तीन गिअरचा प्रसिद्ध एडब्ल्यू हब घ्या. मधोमध आसावर घट्ट बसवलेलं, न फिरणारं २० दातांचं सूर्यचक्र. त्याभोवती फिरणारी ग्रहचक्रं, आणि त्यांना वेढणारं, आतून दाते असलेलं ६० दातांचं कडं. चेनने ग्रहचक्रांचा सांगाडा एकदा फिरवला की कडं आणि त्याला जोडलेलं चाक १ अधिक २०/६०, म्हणजे १.३३ वेळा फिरतं. हा वेगाचा गिअर. उलट, चेनने कडं फिरवलं आणि चाक सांगाड्याला जोडलं, तर चाक पाऊणच फेरा घेतं. हा चढाचा. मधल्या गिअरमध्ये चेनचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा.

दातांच्या या घर्षणात थोडी ताकद जाते. स्वच्छ, तेल दिलेला डिरेलर साधारण दोनेक टक्क्यांनी सरस ठरतो. पण चिखलाने करकरणारी चेन ही आघाडी टिकवणार कशी?

शहरात मला याहून मोलाची वाटते ती सिग्नलवरची सोय. डिरेलरचा गिअर बदलायला पेडल फिरतं असावं लागतं. अचानक थांबलात तर जड गिअरमध्येच अडकता. हबचा गिअर उभ्या उभ्या बदलतो. चालताना मात्र बदलतेवेळी पायाचा जोर क्षणभर सैल करावा लागतो.

हब जड असतो. चाक काढताना नट सोडवा, गिअरची केबल सोडवा, असा व्याप होतो. पण आपला पंक्चरवाला चाक न काढताच ट्यूब बाहेर ओढतो, त्यामुळे ही अडचण इथे तितकी बोचत नाही. खरी अडचण हब उघडू शकणारा मेकॅनिक मिळण्याची. डिरेलर मात्र बहुतेक दुकानांत जुळवून मिळतो.

वाटेत रोज घाट असेल, तर तीन गिअर अपुरे पडतील, डिरेलरच घ्या. सपाट रस्ता, दाटीचं पार्किंग आणि चार महिने पाऊस असेल, तर मी हब घेईन.