शंभर ऑक्टेन, नवतपा आणि टर्बो

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापलेले नऊ दिवस, लागला की नागपुरात टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) असलेल्या पेट्रोल गाड्या चालवणाऱ्यांत एक प्रश्न हमखास निघतो: टाकीत थोडं शंभर ऑक्टेन मिसळलं तर गाडी जास्त पळेल का? अमेरिका-कॅनडाच्या बर्फाळ डोंगरांत टर्बो बसवलेल्या स्नोमोबाइल चालवणारे लोक पंपावरच्या पेट्रोलमध्ये रेसिंगचं इंधन सर्रास मिसळतात. त्यांचं गणित शिकण्यासारखं आहे, मात्र जसंच्या तसं उचलण्यासारखं नाही.

ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. दाब आणि उष्णता वाढली तरी स्पार्कची ज्योत पोचेपर्यंत आपणहून न पेटण्याची इंधनाची क्षमता म्हणजे ऑक्टेन.

सगळा खेळ वेळेचा आहे. १५०० आरपीएमला (मिनिटाला १५०० फेरे) क्रँक, म्हणजे इंजिनाचा फिरता दांडा, एक अंश फिरायला ०.११ मिलिसेकंद लागतात. ज्वलन ४५ अंश चाललं, तर झाले ५ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात प्लगपासून दूर, कडेला उरलेलं मिश्रण दाबलं जातं आणि तापतं. इंधनाच्या रेणूतून एक हायड्रोजन निघून जातो, त्या जागी ऑक्सिजन चिकटतो. हा ऑक्सिजन वाकून त्याच साखळीतला दुसरा हायड्रोजन ओढतो, पुढे पेरॉक्साइड तयार होतं आणि ते फुटलं की एकाचे दोन क्रियाशील तुकडे होतात. सरळ साखळीच्या हेप्टेनमध्ये हे सहज घडतं, म्हणून त्याचं ऑक्टेन शून्य. आयसो-ऑक्टेनमध्ये फांद्याच फांद्या. तिथले बहुतेक हायड्रोजन घट्ट बांधलेले, आणि एका कार्बनवर तर हायड्रोजनच नाही. साखळी अडखळते, म्हणून त्याचं ऑक्टेन १००.

ज्योत हरली की कडेचं मिश्रण एकदम पेटतं आणि दाबाच्या लाटा सेकंदाला सहा-सात हजार वेळा भिंतींवर आपटतात. चढावर वरच्या गिअरमध्ये पाय दाबल्यावर ऐकू येणारी टकटक ती हीच. पिस्टनला चिकटून असलेला वायूचा पातळ थर उष्णता अडवत असतो. या लाटा तोच फाडतात. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा, आणि अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. पिस्टनची कड खवल्यासारखी झिजते, मग रिंगांमधली भिंत तुटते. टकटक ओळखणाऱ्या नॉक सेन्सरला हे कळलं की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, स्पार्क उशिरा टाकतो आणि ताकद घटते. जास्त ऑक्टेनने परत मिळते ती ही घटलेली ताकद. टकटक नव्हतीच, तर जास्तीचे पैसे वाया गेले.

आता हवेचं बघू. ३००० मीटर उंचीवर हवेचा दाब सुमारे ०.७ बार असतो. टर्बोचा काटा ०.७ दाखवत असेल तर इंजिनात जाते १.४ बारची हवा. नागपुरात तोच काटा तेवढाच दाखवत असला तरी इंजिनात जाते जवळपास १.७ बारची. काटा बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त, तेवढंच सांगतो. इंजिन एकूण दाब सोसतं. टर्बोतल्या हवा दाबणाऱ्या भागाची, कॉम्प्रेसरची, कार्यक्षमता ७० टक्के धरली तर उणे १० अंशांची हवा दाबून सुमारे ७२ अंशांवर जाते, आपली ४५ अंशांची थेट १२० वर. त्यात ही दाबलेली हवा थंड करणारा आपला इंटरकूलर ती ४५ च्या खाली उतरवणार कसा? म्हणूनच डोंगरावर पंपाच्या पेट्रोलवर चालणारं ट्यूनिंग खाली आणलं की टकटकतं.

मिसळताना दोन्ही आकडे एकाच मापाचे हवेत. ऑक्टेन मोजण्याच्या दोन पद्धती आहेत, आरओएन आणि एमओएन. अमेरिकेतला पंप दोन्हींची सरासरी दाखवतो, आपला नुसता आरओएन. त्यांचं ९१ म्हणजे ढोबळमानाने आपलं ९५. माप एक झालं की हिशेब साधा आहे: पंपाच्या ३६ लिटर ९१ मध्ये रेसिंगचं ४ लिटर ११० टाकलं तर मिळतं ९२.९; निम्मं-निम्मं घेतलं तर १००.५. आपल्याकडे ३० लिटर ९५ आणि १० लिटर १०० मिळून ९६.२५. एवढ्या फरकासाठी चौपट अपेक्षा ठेवू नये. इथेनॉल या सरळ रेषेत बसत नाही, ते हिशेबापेक्षा जास्त ऑक्टेन देतं. रेसिंगचं इंधन आधी ओतावं, पंपाचं वरून, म्हणजे भरतानाच ढवळून निघतं.

ऑक्टेन बूस्टरच्या बाटलीवरचे ‘१० पॉइंट’ म्हणजे बहुधा ऑक्टेनचा एकच अंक असतो. टाकीत डांबरगोळ्या टाकण्याचा सल्ला तर सरळ धुडकावावा. नॅफ्थलीन ८० अंशांना वितळणारा घन पदार्थ, पेट्रोल उडून गेलं की इंजेक्टरच्या तोंडाशी तोच उरतो. काही गोळ्या डायक्लोरोबेंझिनच्या असतात आणि त्यांतल्या क्लोरीनपासून जळताना आम्ल बनतं.

रेसिंगच्या इंधनाची दोन कलमं डब्यावर आधी वाचावीत. शिसं असेल तर ऑक्सिजन सेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कायमचे जातात. इंधनातच ऑक्सिजन असेल तर इंजेक्टरने जास्त इंधन सोडायला हवं: साध्या पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, निव्वळ इथेनॉलला फक्त ९ पट. ट्यूनिंग न बदलता असं इंधन भरलं की हवेच्या मानाने इंधन कमी पडून मिश्रण पातळ होतं, तापमान चढतं आणि जी टकटक टाळायची होती तीच परत येते.

आणि डबा धातूचाच हवा. पेट्रोलियम कायद्याप्रमाणे विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल परवान्याशिवाय एकूण ३० लिटरपर्यंतच ठेवता येतं, तेही घट्ट बुचाच्या, २५ लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या धातूच्या भांड्यात. काचेची बरणी असेल तर एका लिटरची. हे नियम राबवणाऱ्या ‘पेसो’चं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. मे महिन्यात पत्र्याच्या गॅरेजमध्ये प्लास्टिकच्या कॅनमधून रेसिंगचं इंधन ओतणं कायद्यात बसत नाही आणि ठिणगीलाही आमंत्रण असतं.