गोवा कारवाईच्या हेतूंचा वाद (१९६१)

गोवा, दमण व दीव हे पोर्तुगीज प्रदेश भारताने डिसेंबर १९६१ मध्ये लष्करी बळाने घेतले, त्यामागे नेहरू सरकारचा खरा हेतू कोणता, यावर देशात आणि बाहेर झालेला राजकीय वाद. ‘ऑपरेशन विजय’ ही कारवाई १७ डिसेंबरच्या रात्री सुरू झाली आणि १९ डिसेंबरला गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा शरण आले.

सरकारने तात्कालिक कारण दिले ते कारवारजवळच्या अंजदीव बेटाचे. नोव्हेंबरमध्ये तिथल्या पोर्तुगीज शिबंदीने ‘साबरमती’ या प्रवासी बोटीवर गोळ्या झाडल्या. त्यानंतरच्या गोळीबारात एका मच्छिमाराचा जीव गेला. या घटना खऱ्या. पण एवढ्यावरून अख्खी डिव्हिजन, नौदल आणि विमाने उतरवावी लागली, हे टीकाकारांना पटले नाही, आणि ही शंका रास्त होती. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पोर्तुगीजांनी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार केला, त्यात वीसहून अधिक माणसे मारली गेली. तेव्हा सरकारने सैन्य पाठवले नव्हते. उलट सत्याग्रहींनाच सीमेवर अडवायला सुरुवात केली. पुण्यामुंबईहून गोव्याकडे तुकड्या धाडणाऱ्या कार्यकर्त्यांना ही गोष्ट फार लागली. मग सहा वर्षांनी असे काय बदलले?

विरोधकांचे उत्तर होते : निवडणूक. फेब्रुवारी १९६२ मध्ये लोकसभेचे मतदान होते आणि संरक्षणमंत्री कृष्ण मेनन उत्तर मुंबईतून उभे होते. समोर आचार्य कृपलानी. चीन सीमेवरून मेनन यांच्यावर टीकेची झोड उठलेली होती, आणि मराठी मुलखात गोव्याचा प्रश्न घरोघरचा होता. मेनन सुमारे १ लाख ४५ हजार मतांनी निवडून आले, त्यामुळे संशय बळावला. राजगोपालाचारींचा आक्षेप वेगळा होता. लष्करशाहीविरुद्ध बोलण्याचा नैतिक अधिकार भारताने गमावला, असे त्यांचे म्हणणे.

निवडणुकीचा मुद्दा खोटा म्हणता येत नाही, पण तो सगळ्यावर पुरत नाही. कारवाई का झाली आणि तेव्हाच का झाली, हे दोन प्रश्न या वादात कायम एकमेकांत मिसळले गेले. पोर्तुगालने १९५१ मध्ये घटना बदलून वसाहतींना ‘सागरापारचे प्रांत’, म्हणजे पोर्तुगालचाच भाग, ठरवले होते. तिथले हुकूमशहा सालाझार हस्तांतराची वाटाघाट करायलाच तयार नव्हते. डिसेंबर १९६० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने वसाहतवाद संपवण्याचा ठराव केला. पुढच्या वर्षी अंगोला या पोर्तुगीज वसाहतीत उठाव झाला आणि ऑक्टोबरमध्ये दिल्लीत भरलेल्या परिसंवादात आफ्रिकी नेत्यांनी नेहरूंना सुनावले की भारत गोव्यावर गप्प बसतो, म्हणून पोर्तुगालचे फावते. अलिप्त देशांमधले आपले स्थान जपणाऱ्या नेहरूंवर याचा परिणाम झाला नसेल, हे संभवत नाही. शिवाय अमेरिकेच्या आग्रहाखातर अगदी शेवटच्या दिवसांतही तारीख पुढे ढकलली गेली. निवडणुकीने फार तर मुहूर्त जवळ आणला. कारण मात्र जुने होते.

बाहेर भाषा अधिक कडक होती. सुरक्षा परिषदेत १८ डिसेंबरला अमेरिकेचे अॅडलाय स्टीव्हन्सन यांनी भारतावर संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचा भंग केल्याचा ठपका ठेवला. भारताचे प्रतिनिधी सी. एस. झा यांची भूमिका अशी की वसाहत ही मुळातच चालू राहिलेली आगळीक आहे, तेव्हा आक्रमणाचा प्रश्नच उद्भवत नाही. युद्धबंदी आणि माघारीचा ठराव ७ विरुद्ध ४ मते पडूनही सोव्हिएत नकाराधिकारामुळे बारगळला. विरोधात गेलेल्यांत सिलोन (श्रीलंका), लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक (इजिप्त) होते. वसाहतवादाला विरोध करणारे देश कोणत्या बाजूला उभे राहिले, हे त्या मतदानातून स्पष्ट दिसते.

या सगळ्या चर्चेत गोमंतकीयांचा स्वतःचा लढा मागे पडला, ही या वादातली सर्वांत मोठी उणीव. १८ जून १९४६ रोजी मडगावात राममनोहर लोहियांनी सभाबंदी मोडली, तेव्हापासून स्थानिक माणसे तुरुंगात जात होती. काहींना थेट पोर्तुगालच्या तुरुंगांत धाडले गेले. त्यांच्या दृष्टीने दिल्लीने फार उशीर केला.

शब्दांचा तिढाही राहिलाच. लोकांच्या तोंडी ‘गोवा मुक्ती’, पोर्तुगीज लिखाणात ‘आक्रमण’. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये मात्र गोवा हा जिंकून सामील करून घेतलेला प्रदेश मानला. लिस्बनमधली हुकूमशाही कोसळल्यावर ३१ डिसेंबर १९७४ च्या करारान्वये पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व मान्य केले.